काळी काच आणि एक मिनिट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे, 'माझा छंद'. छंद फोटोग्राफीचा आहे. पण आज कॅमेऱ्यापेक्षा या माझ्या हातातल्या काचेबद्दल जास्त बोलणार आहे. वेल्डर तोंडासमोर जी ढाल धरतो, तिच्या खिडकीत बसवलेली ही काळी काच. सव्वाचार इंच बाय दोन इंच. रसायनीच्या कारखान्यात देखभाल विभागात असताना ती रोज नजरेसमोर असायची. हार्डवेअरच्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळते. ती लेन्सपुढे धरली की भर दुपारी एक मिनिटाचा फोटो काढता येतो. याच कामासाठी चांगला तयार फिल्टर घ्यायला गेलात, तर हजारांत पैसे मोजावे लागतात.

एक मिनिटाचा फोटो म्हणजे काय? लख्ख उन्हात कॅमेऱ्याचा पडदा सेकंदाच्या साधारण सव्वाशेव्या भागापुरता उघडतो. हा हिशेब आयएसओ १०० आणि एफ/१६ चा. त्याहून फार जास्त वेळ उघडा ठेवला तर फोटो पांढराफटक होतो. तो मिनिटभर उघडा ठेवायचा, तर आत येणारा प्रकाश हजारो पटींनी कमी करावा लागतो.

किती पटींनी, ते काचेच्या नंबरात लिहिलेलं असतं. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, म्हणून फळ्यावर सोडवल्यासारखं सांगतो. काचेच्या नंबरातून एक वजा करा, तीनने गुणा, सातने भागा. येईल तो दहाचा घात. ८ नंबरची काच घ्या : सात गुणिले तीन भागिले सात, म्हणजे तीन. दहाचा तिसरा घात १०००. प्रकाश हजार पटींनी कमी, म्हणून सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाचे झाले ८ सेकंद. १० नंबरला घात येतो ३.८६, प्रकाश सुमारे ७,२०० पटींनी कमी होतो आणि वेळ होते जवळजवळ एक मिनिट. ११ नंबरला अडीच मिनिटं. लॉगची कोष्टकं उलटताना 'हे कुठे उपयोगी पडणार?' असं आपण कुजबुजायचो. बाई, इथे पडतं.

आता कृती. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा. फोकस आधी करून घ्या आणि ऑटोफोकस बंद करा, कारण काच लावल्यावर कॅमेऱ्याला काही दिसत नाही. मग काच लेन्सच्या तोंडाशी दोन रबरबँडांनी बांधा आणि कडेच्या फटी काळ्या चिकटपट्टीने बंद करा; फटीतून आलेला उजेड फोटोवर पांढरा डाग पाडतो. डोळा लावायची खिडकीही काळ्या कापडाने झाका, तिथूनही उजेड आत शिरतो. काच अरुंद आहे, म्हणून मोठ्या लेन्सवर कोपरे काळे येतात. थोडं झूम करा. बल्ब सेटिंग लावा, घड्याळ बघा आणि कॅमेऱ्याला हात लावू नका.

या काचेतून फोटो हिरवा येतो. त्याच काचेतून पांढऱ्या कागदाचा फोटो काढून कॅमेऱ्याला 'हा पांढरा' असं शिकवता येतं, पण हिरवटपणा पूर्ण जात नाही. मी सरळ कृष्णधवल करतो. आणि एक ताकीद, सरांनी प्रयोगशाळेत द्यायची तशी : ८ किंवा १० नंबरच्या काचेतून सूर्याकडे पाहायचं नाही. ग्रहण बघायला १४ नंबरची काच लागते, आणि तीही नुसत्या डोळ्यांपुढे. कॅमेऱ्याच्या किंवा दुर्बिणीच्या खिडकीतून सूर्य बघणं म्हणजे डोळा घालवणं.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशासाठी? आपण बसलो आहोत तिथून कर्नाळ्याचा सुळका दिसतो. जुलैत त्याच्यावरून ढग धावत असतात. साध्या फोटोत ढग गोठलेले दिसतात. ढगाळ दिवशी उजेड कमी असतो, त्यामुळे ८ नंबरच्या काचेवरच मिनिटभर मिळतं. त्या मिनिटाच्या फोटोत ढगांची लांब, मऊ ओढ उमटते आणि मधोमध बेसाल्टचा तो अंगठा जागचा हललेला नसतो. दख्खनचा हा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. शाळेच्या खिडकीतून आपण त्याच्याकडे इतक्यांदा पाहिलं, पण तो किती स्थिर आहे हे मला त्या फोटोत कळलं.

जे थांबतं ते उमटतं, जे हलतं ते पुसलं जातं. हे फोटोग्राफीइतकंच जुनं आहे. १८३८ साली दागेर यांनी पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो खिडकीतून काढला. त्याला काही मिनिटं लागली. गाड्या, घोडे, माणसं सगळी नाहीशी झाली. दिसतो तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी थांबलेला एक माणूस आणि त्याच्या पायाशी बसलेला पॉलिशवाला. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये वेळेशी उलटा खेळ केला. कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणात दाखवली. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा.

आता मला खरं बोलायचं आहे ते. या सुळक्याच्या पायथ्याशी, अभयारण्याला लागून मुंबई-गोवा महामार्ग जातो. तिथली रहदारी तुम्ही आज सकाळी येताना अनुभवलीत. त्याच रस्त्याचा अडीच मिनिटांचा फोटो मी काढला आहे. बाहेर टेबलावर ठेवला आहे, जेवणाच्या सुट्टीत जरूर बघा. त्यात एकही गाडी नाही. दोन्ही बाजूंना झाडी, मध्ये मोकळा डांबरी रस्ता. पक्ष्यांच्या अभयारण्याचा फोटो, पण त्यात पक्षीही नाही. शीळकरी कस्तूर पूर्ण वेळ गात होता, पण तो फांदीवर थांबला नाही, म्हणून उमटला नाही.

फोटोत कसलीही खाडाखोड नाही, तरी तो फोटो खोटं बोलू शकतो. उद्या कोणी तो दाखवून म्हणेल, 'अभयारण्याशेजारी रहदारी आहेच कुठे?' किंवा कोणी रिसॉर्टच्या जाहिरातीत छापेल. म्हणून माझ्या प्रत्येक फोटोखाली मी तारीख, वेळ आणि सेकंद लिहितो. या फोटोच्या कडेला मी त्या अडीच मिनिटांत गेलेल्या गाड्याही लिहिल्या आहेत, बोटांवर मोजून. आकडा इथे सांगत नाही, फोटोजवळ जाऊन वाचा. प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगळं लिहायला सरांनी शिकवलं होतं, ते हेच.

आता एक विनंती. शाळेला काय भेट द्यायची यावर आपल्या ग्रुपवर महिनाभर चर्चा चालू आहे. मोठी भेट जी ठरेल ती ठरो. तिच्याबरोबर विज्ञानकक्षासाठी एक पेटी द्यावी असं मला वाटतं : ८ आणि १० नंबरच्या दहा-दहा काचा, दोन ट्रायपॉड, बल्ब सेटिंग असलेला एक जुना कॅमेरा आणि लॉगची कोष्टकं. जुना कॅमेरा आपल्यापैकी कोणाच्या तरी कपाटात नक्की पडून आहे. फोनची लेन्स इतकी छोटी असते की ही काच तिला पूर्ण झाकते. ज्या फोनमध्ये पडदा किती सेकंद उघडा ठेवायचा ते ठरवता येतं, त्यावरही हा प्रयोग होतो. आजच्या मुलांच्या घरी फोन आहेत. पण फोटोग्राफी म्हणजे महाग सामान, ते आपल्याला परवडणार नाही, असं समजून गप्प बसणारी मुलं आजही आहेत. आपल्या वर्गातही होती. त्यांच्या हातात ही काच द्यायची आहे. पावसाळ्यातले दोन रविवार मी येऊन शिकवीन. आणखी दोघं तयार झाले तर चार रविवार होतील.

शेवटचं. दुपारचा ग्रुप फोटो नेहमीसारखा निघेलच. त्यानंतर वडाच्या सावलीत मी आणखी एक काढणार आहे, ८ नंबरच्या काचेतून, वीस सेकंदांचा. सर आणि बाई खुर्च्यांवर बसतील, आपण मागे उभे राहू. वीस सेकंद हलायचं नाही, बोलायचं नाही. शाळेत आपल्याला हे कधीच जमलं नाही. गुरुजनांचे चेहरे स्वच्छ येतील याची मला खात्री आहे. आपल्यातले कोण कोण पुसट येणार, तेही मला आत्ताच माहीत आहे.