दाब निराळा, उपकरण आपले



मुलगी अमेरिकेस निघाली, की तिच्या सामानात मिक्सर बांधला जातो आणि सोबत एक लहानसा ॲडॉप्टर. तो भिंतीत बसला, की काम झाले अशी आपली समजूत असते. ती दूर करणे, एवढाच आमच्या आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आपल्या घरी विजेचा दाब 230 व्होल्ट असतो. अमेरिकेत 120, जपानात 100. साधा ॲडॉप्टर पिनांचा आकार तेवढा जुळवतो, दाबाला हात लावीत नाही. देशोदेशींच्या पिना जुळत नाहीत, याचा आपल्याला राग येतो. आम्ही मात्र त्यांना दारावरचा पहारेकरी समजतो. ॲडॉप्टर लावला, की पहारेकऱ्याला सुटी मिळते. मग पहारा आपणच करावयास हवा.

हिशेब सोपा आहे. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. आपली 1500 वॉटची किटली अमेरिकेत जेमतेम 400 वॉटची उरते. चहाला वेळ लागेल, इतकेच. उलट तिकडचे 1200 वॉटचे केस वाळवण्याचे यंत्र इकडे जोडले, तर ते सुमारे 4400 वॉट ओढू पाहते. तार जळते, प्रसंगी आगही लागते. म्हणजे नेलेल्या वस्तूपेक्षा भेट म्हणून आणलेली वस्तू अधिक धोक्याची!

मिक्सर न्यावयाचाच, तर दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर हवा, आणि तोही मिक्सरच्या वॉटांहून अधिक क्षमतेचा. हे ओझे चांगलेच जड असते. त्यापेक्षा आपल्या पद्धतीचे 110 व्होल्टचे मिक्सर मिळतात, ते घ्यावेत.

शिवाय ट्रान्सफॉर्मर विजेची आवर्तने बदलत नाही. सेकंदाला 60 आवर्तनांवर वेळ मोजणारे अमेरिकन घड्याळ आपल्या 50 आवर्तनांवर तासाला 10 मिनिटे मागे पडते. जपानात तर एकाच देशात दोन्ही प्रकार आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन. म्हणून पूर्वेस 50 आणि पश्चिमेस 60. 2011 च्या भूकंपानंतर पश्चिमेची वीज पूर्वेस पुरेशी पोहोचवता आली नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

मोबाइल-लॅपटॉपच्या चार्जरवर बहुधा '100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे छापलेले असते; तो पिना जुळवून खुशाल लावावा. जेथे दाबाचा एकच आकडा असेल, तेथे थांबावे. तेव्हा पेटी भरण्यापूर्वी प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्यावरची पट्टी वाचावी, एवढी आमची विनंती आहे.