आई लेकीच्या घरी
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मी वक्ता नाही, बँकेत काउंटरवर बसणारी बाई आहे. ‘मातापित्यांची सेवा’ या विषयावर आपल्याकडे मुलांनाच बोलावतात. या वेळी लेकीला बोलावले, म्हणून संस्थेचे आभार मानते आणि घरातूनच सुरुवात करते.

वडील गेल्यावर आई धुळ्याला एकटी राहत होती. पत्र्याचे घर, पुढे ओटा. दोन वर्षांपूर्वी ती पडली, मांडीचे हाड मोडले. भाऊ पुण्यात भाड्याच्या दोन खोल्यांत. मी तिला जळगावला आणले. पहिल्या दिवसापासून तिचा एकच प्रश्न, “आंडेरना घर कितला दिन?”

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टची तिला भीती वाटते. धुळ्याला ओट्यावर बसली की येणारा-जाणारा दोन शब्द बोलायचा. येथे समोरचे दार दिवसभर बंद. जळगाव तिला ठाऊक होते ते खानदेश मिलच्या काळातले. मिलच्या जागी आता व्यापारी संकुल आहे, हे तिला अजून खरे वाटत नाही. मी आणि साहेब कामावर गेलो की संध्याकाळपर्यंत तिच्याजवळ एक पगारी बाई, तीही दुपारी जाते.

आता जे सांगते ते सांगायला लाज वाटते. मार्चअखेरची गर्दी होती. रात्री उशिरा घरी आले तर आईचे अंथरूण ओले. मी ओरडले, “मुद्दाम करतेस का?” ती काही बोलली नाही. चार दिवसांनी तिला ताप भरला, लघवीला जळजळ. डॉक्टरांनी विचारले, पाणी किती पितात? तेव्हा कळले की त्या रात्रीपासून जळगावच्या उन्हात तिने पाणी पिणे जवळजवळ बंद केले होते. मला त्रास नको म्हणून!

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी मुलांची कर्तव्ये सांगितली, त्यात पहिले आईवडिलांच्या पोषणाचे. मी ते अनेकदा ऐकले होते. पण पोषण म्हणजे ताटात भाकरी वाढणे एवढाच अर्थ मी घेतला होता. कोसलच्या प्रसेनजित राजाला मुलगी झाली तेव्हा तो खिन्न झाला. त्याला भगवंतांनी समजावले, की मुलगी मुलापेक्षाही सरस निघू शकते. ही कथा माझ्या आईला मी दोनदा सांगितली. ती ऐकते, आणि पुन्हा भावाच्या फोनची वाट पाहते.

कायदा मात्र लेकीला परकी मानत नाही. कल्याणच्या डॉ. विजया अरबट यांच्याविरुद्ध त्यांच्या वडिलांनी पोटगी मागितली. मुलीवर अशी जबाबदारी नाही, असा बचाव झाला. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. मुलगी विवाहित असली तरी ऐपत असल्यास आईवडिलांना सांभाळण्यास ती बांधील आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यातही मुलगा व मुलगी दोघेही येतात. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावे.

पण वारशाच्या वेळी काय होते? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने, आणि तो आपल्या बौद्धांनाही लागू आहे, वडिलांच्या स्वकमाईच्या घरात विधवेला, मुलाला व मुलीला सारखाच वाटा मिळतो, मृत्युपत्र नसेल तर. स्त्रियांच्या या हक्कांसाठी बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल मांडले. ते रखडले, आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागे हेही एक मोठे कारण होते. आणि मी, त्यांची शिकलेली लेक, वडिलांच्या तेराव्या महिन्यात हक्कसोडपत्रावर सही करून मोकळी झाले. सगळ्या बहिणी करतात, म्हणून केली. भावाने मागितले नव्हते, नातेवाइकांनी सुचवले. आज तेच नातेवाईक विचारतात, मुलगा असताना आई जावयाकडे का? भावावर माझा राग नाही. औषधाचे पैसे तो पाठवतो. पण आईला आंघोळ घालायला पैसे पाठवता येत नाहीत.

दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी काउंटरवर म्हातारी माणसे येतात. कष्टाने झिजलेले अंगठे यंत्रावर उमटत नाहीत. पूर्वी मी “पुन्हा लावा” म्हणायची, जरा चिडूनच. आता मोबाइलवर चेहऱ्यानेही दाखला होतो, तो बसल्या जागी करून देते. आईकडून शिकले म्हणायचे.

१९३७ साली ३१ जुलैला बाबासाहेब लळिंगच्या लांडोर बंगल्यात आले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे आपला समाज जमतो. आई तरुणपणी धुळ्याहून पायी जायची. यंदा मी रजा टाकली, गाडी केली. जळगावहून नव्वदेक किलोमीटर. चढ तिला जमला नाही. खालीच झाडाखाली खुर्चीवर बसवले. जुन्या वस्तीतल्या चार बायका भेटल्या. एकीने विचारले, कुठे असतेस गं आता?

“आंडेरना घर,” आई म्हणाली. आणि पाणी मागितले.