अठ्ठावीस दिवसांचा महिना आणि दहावीचं बीजगणित

आज कागद-पेन हाताशी असेल तर घ्या. बसमध्ये असाल तर मोबाईलचा कॅल्क्युलेटर चालेल. गणित करायचंय, पण रिचार्जचं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. बीटेक केलंय, म्हणून आमच्या सोसायटीतल्या वॉचमन काकांना वाटलं, ह्याला गणित येत असणार. त्यांची मुलगी दहावीत. घटक चाचणीत बीजगणितात नापास झाली होती. असंच चाललं तर दहावीनंतर कामाला लावायचं, असं घरात बोलणं सुरू होतं. मग दर रविवारी सकाळी ती पुस्तक घेऊन माझ्याकडे यायला लागली.

पहिलाच धडा, दोन चलांतील रेषीय समीकरणे. पायऱ्या सगळ्या पाठ. पण "हा एक्स म्हणजे नक्की काय गं?" असं विचारलं की गप्प.

एकदा गेटवर काका म्हणाले, "साहेब, महिना संपायच्या आधीच रिचार्ज कसा संपतो हो?" रविवारी हाच प्रश्न मी तिला वहीत लिहायला लावला.

प्लॅन २८ दिवसांचा. ३६५ ला २८ ने भागा. भागाकार १३, बाकी १. म्हणजे वर्षात पगार १२ आणि रिचार्ज १३! शिवाय ३० दिवसांच्या महिन्यात रिचार्जची तारीख २ दिवस अलीकडे सरकते, ३१ च्या महिन्यात ३ दिवस. पगाराची तारीख मात्र तिथेच. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं, की निदान एक प्लॅन ३० दिवसांचा ठेवा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेला रिन्यू होणारा ठेवा. पण तो शोधायचा आपणच.

मग आम्ही तीन प्लॅन मांडले. आकडे कुठल्या कंपनीचे नाहीत, हिशेबाला सोपे घेतलेत. २८ दिवसांना ३०० रुपये, ८४ दिवसांना ८००, वर्षाला ३०००. दिवसाचा खर्च काढा: १० रुपये ७१ पैसे, ९ रुपये ५२ पैसे, ८ रुपये २२ पैसे. २८ वाल्याचं समीकरण तिने स्वतः लिहिलं: खर्च = ३०० × एक्स. "एक्स म्हणजे किती वेळा रिचार्ज मारला ते." पहिल्यांदाच एक्सला अर्थ आला होता. एक्सच्या जागी १३ घातले, ३९०० आले. मी ऐटीत म्हणालो, "मग? वर्षाचा घ्यायचा. ९०० रुपये वाचले!"

ती थोडा वेळ वहीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, पप्पांचा पगार १२ हजार आहे. ३ हजार एकदम भरले तर किराणा कशातून भरायचा?"

खरं सांगतो, मला लाज वाटली. माझं उत्तर बरोबर होतं, पण त्यातली एक अट मी धरलीच नव्हती: एका वेळी हातात पैसे किती. कोडमध्ये मी अशी अट विसरलो असतो, तर टेस्टिंगमध्येच पकडला गेलो असतो.

मग मी विचारलं, "८४ दिवसांचा कसा जमेल?" ती म्हणाली, "पप्पांना सुपरवायझर उचल देतात. बिनव्याजी." बरं, ५०० रुपये उचल घेतली, घरचे ३०० घातले, ८०० चा रिचार्ज झाला. २८ दिवसांनी एरवी ३०० गेलेच असते, ते सुपरवायझरला द्यायचे. आणखी २८ दिवसांनी उरलेले २०० फेडायचे, १०० शिल्लक. ८४ व्या दिवशी शिल्लक १०० आणि नेहमीचे ३००, झाले ४००. म्हणजे आता उचल ४०० चीच लागणार. पुढच्या वेळी किती? थांबा, मी सांगणार नाही, तुम्ही काढा.

तिने काढलं. ५००, ४००, ३००, २००, १००, शून्य. सहावा रिचार्ज पूर्ण स्वतःच्या पैशांनी! मी तिला पुस्तकातला तिसरा धडा उघडायला सांगितला. अंकगणिती श्रेढी. दर वेळी १०० ने कमी. ती हसली आणि म्हणाली, "हे तर मी आत्ताच केलं."

हा कागद तिने घरी दाखवला. काकांनी आधी तिला दोनदा उलटतपासणीसारखं विचारलं, "सुपरवायझर नाही म्हणाले तर? मध्येच प्लॅन महागला तर?" तिने दोन्हीची उत्तरं मांडून आणली. महागला, तर श्रेढी मोडते, नव्याने लिहायची. गणितात ह्याला गृहीतक म्हणतात, आणि ते आधी लिहून ठेवायचं असतं.

नुकताच काकांचा दुसरा रिचार्ज झाला. उचल ४००. सहामाहीत ती बीजगणितात पास झाली. मार्क फार नाहीत, पण कामाला लावायचं बोलणं सध्या तरी थांबलंय. बोर्डाची परीक्षा अजून बाकी आहे.

आता तुमचा गृहपाठ. घरातले सगळे फोन घ्या, प्रत्येकाचा दिवसाचा खर्च काढा. आजी नेट वापरतच नसेल, तर डिसेंबर २०२४ च्या ट्रायच्या नियमानंतर फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅकही आलेत, तेही धरा. आणि सगळ्यात स्वस्त प्लॅन सापडला, की जो पैसे भरतो त्याला एकदा विचारा, "एकदम एवढे जमतील का?" मी हे विचारायला विसरलो होतो.

चला, पुढच्या भागात भेटू!