घरच्या घरीं संकेतस्थळाची कार्यशाळा



१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ची नेहमीची देखभाल बंद केली. विंडोज ही संगणकाची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचें सारें अंग चालविणारी मूळ व्यवस्था. तिची पुढील आवृत्ति, विंडोज ११, पुष्कळशा जुन्या यंत्रांवर बसत नाहीं. त्यामुळें आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं एखादा धडधाकट संगणक अकालीं निवृत्त झाला असेल. आणि त्याच घरांतील एखादी मुलगी, संकेतस्थळें तयार करण्याची विद्या शिकावयाची म्हणून, नवा लॅपटॉप मागत असेल. त्या जुन्या यंत्रावर ही विद्या उत्तम रीतीनें शिकतां येते, आणि तिचा पहिला धडा तें यंत्र आपल्या हातांनीं सज्ज करण्यांतच आहे, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

यासाठीं लागणारी कार्यप्रणाली विकत घ्यावी लागत नाहीं. १९८३ मध्यें अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं ‘ग्नू’ या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्यें हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ हा गाभा लिहिला. या दोहोंच्या मिलाफांतून १९९३ मध्यें ‘डेबियन’ आणि पुढें २००४ मध्यें ‘उबुंटू’ अशा संपूर्ण प्रणाली निघाल्या. त्यांचा मूळ मजकूर कोणासही वाचतां येतो, बदलतां येतो आणि त्याची प्रत करून शेजाऱ्यास देतां येते. घरांत चोरीची प्रत वापरून मुलांना सचोटी शिकविण्याचा अवघड प्रसंग त्यामुळें येत नाहीं. शिवाय जगांतील बहुतेक संकेतस्थळें ज्या सर्व्हरांवर राहतात, तेथें लिनक्सचाच अंमल आहे. घरीं जें नीट चाललें तें तेथेंही चालावें, यासाठीं दोन्हीकडील जमीन एकाच जातीची असणें सोयीचें पडतें.

तयारीचें काम आपण गौण समजतों. पण आपल्या जिल्ह्यांत जन्मलेल्या एका पुरुषाचें उदाहरण पाहावें. त्र्यंबकेश्वरीं १८७० मध्यें जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्यें लंडनला जाऊन कॅमेरा घेऊन आले. फिल्मला भोकें पाडण्याचें यंत्रही त्यांनीं मागविलें, दादरच्या राहत्या घरांतच सारी मांडामांड केली, आणि फिल्म छिद्रित करणें, धुणें हीं कामें सरस्वतीबाईंनीं हातीं घेतलीं. ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आलेला ‘राजा हरिश्चंद्र’ या घरगुती यंत्रशाळेंतून निघाला. ज्यानें फिल्मला स्वतः भोकें पाडलीं, त्याला पडद्यावरचें चित्र कां हलतें हें कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. प्रथम जुन्या यंत्रांतील छायाचित्रें व कागदपत्रें दुसऱ्या डिस्कवर उतरून घ्यावीं. हें केल्यावांचून पुढें पाऊल टाकूं नये. नंतर डेबियनच्या अधिकृत स्थळावरून तिची फाईल उतरवावी, आणि तेथेंच दिलेल्या तपासणीच्या आंकड्याशीं तिचा आंकडा जुळतो कीं नाहीं हें पाहावें. वाटेंत एक अक्षर जरी बदललें असलें तरी हा आंकडा सर्वस्वीं निराळा येतो. ही फाईल ८ जीबीच्या पेनड्राईव्हवर योग्य त्या प्रोग्रॅमनें लिहून यंत्र त्याच्यावरून सुरू करावें. ‘लाइव्ह’ प्रत घेतली असल्यास डिस्कवरील कांहींही न पुसतां प्रणाली चालवून पाहतां येते. वायफाय, आवाज व पडदा ठीक आहेत अशी खात्री पटली म्हणजे मग ती डिस्कवर बसवावी. यंत्र ६४ बिटांचें असून त्यांत ४ जीबी मेमरी असली, आणि ‘एक्सएफसीई’ हा हलका दर्शनी साज निवडला, कीं शिकण्याचें काम भागतें.

प्रणाली बसली म्हणजे हत्यारें आणावयाचीं. त्यासाठीं दुकानोदुकानीं हिंडावें लागत नाहीं. डेबियनचें स्वतःचें कोठार आहे, आणि ‘ॲप्ट’ हा त्याचा कोठावळा मागितलेली वस्तु, तिला लागणाऱ्या इतर वस्तूंसह, सहीशिक्का तपासून आणून देतो. त्याच्याकडून चार गोष्टी मागाव्या: पानें वाटणारा सर्व्हर, म्हणजे ‘अपाची’ किंवा ‘एन्जिनएक्स’, नोंदी ठेवणारा ‘मारियाडीबी’ हा डेटाबेस, ‘पीएचपी’ किंवा ‘पायथन’ यांपैकीं एक भाषा, आणि ‘गिट’. टॉरवाल्ड्स यांनींच २००५ मध्यें लिहिलेलें हें गिट कामाच्या ज्या ज्या अवस्थेची नोंद करावी ती जपून ठेवतें, म्हणून आजचा बिघाड पुसून कालच्या चांगल्या स्थितीस परततां येतें. मग ब्राउझरमध्यें ‘लोकलहोस्ट’ असें लिहावें. हें १२७.०.०.१ या पत्त्याचें नांव असून त्याचा अर्थ ‘हेंच यंत्र’ असा आहे. तेथें पहिलें पान उमटलें, कीं मागणारा व देणारा दोघेही एकाच पेटींत बसून बोलूं लागले असें समजावें. इंटरनेट बंद असलें तरी हें संभाषण चालूं राहतें.

नवशिक्याचा पाय एका ठिकाणीं हमखास घसरतो. ‘परवानगी नाहीं’ असें यंत्रानें म्हटलें कीं तो सर्वाधिकारी ‘रूट’ होऊन बसतो, किंवा प्रत्येक फाईल वाटेल त्याला लिहिण्यास मोकळी करून टाकतो. काम त्या क्षणीं होतें. पण तीच संवय उद्यां खऱ्या सर्व्हरवर गेली म्हणजे चोरास दार उघडें मिळतें. नकार आला असतां ही फाईल कोणाच्या मालकीची आणि सर्व्हर कोणाच्या नांवानें चालतो, हे दोन प्रश्न विचारावे. अनोळखी ठिकाणची आज्ञा अर्थ समजल्यावांचून चालवूं नये, हा नियमही त्यांतलाच.

मराठी मनुष्यानें आणखी एक परीक्षा आवर्जून घ्यावी. लिहिण्यासाठीं इनस्क्रिप्ट कळफलक निवडावा. ‘लोहित’ हा मुक्त टंक त्याच कोठारांत मिळतो. सर्वत्र यूटीएफ-८ ही अक्षरलेखनाची पद्धत ठेवून ‘त्र्यंबक’ हें नांव डेटाबेसांत घालावें व परत मागावें. आपण त्यांत ३ अक्षरें मोजतों. युनिकोडच्या हिशेबीं तेथें ८ चिन्हें आहेत, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागत असल्यानें एकूण २४ बाइट होतात. पहिले १० बाइट कापून घेणारा प्रोग्रॅम हें नांव एका चिन्हाच्या मध्यावरच तोडतो. इंग्रजी नांवांच्या उदाहरणांत हा दोष लपून राहतो. त्र्यंबक तो तात्काळ उघडा पाडतो.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. २७ ऑगस्ट २००३ रोजीं नाशिकच्या सिंहस्थांत चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्यु पावले. २०१५ च्या सिंहस्थापूर्वीं ‘कुंभथॉन’ या उपक्रमांत तरुण मंडळी एकत्र आली. त्यांत नीलय कुलकर्णी हा नाशिकचा शाळकरी मुलगा होता. गर्दी कोठें दाटत आहे हें वेळींच कळावें म्हणून त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पावलें मोजणारी ‘अशिओतो’ नांवाची चटई सिद्ध केली. अशा कोणत्याही योजनेंत चटई पायांखालीं असते. पण तिचा आंकडा घेणारा सर्व्हर, तो ठेवणारा डेटाबेस आणि अधिकाऱ्यांस तो दाखविणारें पान हीं सारीं चोख चालावीं लागतात. पर्वणीच्या दिवशीं, गोदेच्या घाटावर लोक लोटले असतां, त्यांची चांचणी घेत बसतां येत नाहीं. ती आधीं घरच्या यंत्रावर पुनः पुनः झालेली असावी लागते. पुढला सिंहस्थमेळा २०२७ मध्यें आहे.

शेवटीं पालकांस एक विनंती. मुलांना एक साधी वही द्यावी आणि दिलेली प्रत्येक आज्ञा, तिच्या कारणासह, तींत लिहावयास सांगावी. महिन्यानें, केलेलें काम दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित ठेवून, यंत्र पार पुसून टाकूं द्यावें आणि केवळ त्या वहीवरून पुनः उभें करूं द्यावें. जेथें अडेल तेथें वहींतील उणीव सांपडेल. दुसऱ्या खेपेस काम एका दुपारींत उरकलें, म्हणजे ती कार्यशाळा खरोखर त्या मुलीची झाली. मग शेजारच्या घरांतील यंत्रही ती त्याच वहीवरून उभें करूं शकेल.