नगरपालिकेचे सभासद जोतीराव : पत्रांतून दिसलेले

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत महाराणा प्रताप नगर, भोपाळ येथे दिलेले भाषण)



आज बोलायला एकच माणूस उभा असला तरी बोलतो आहोत आम्ही सगळे. एम. पी. नगरात दर पंधरा दिवसांनी आम्ही दहा-बारा वाचक जमतो. वर्षाला एक विषय घ्यायचा आणि गणपतीत त्याचा हिशेब आपल्यापुढे मांडायचा, असा आमचा परिपाठ आहे. यंदाचा विषय होता जुनी पत्रे.

अमेरिकेतल्या ग्रंथालयांत एक पद्धत आहे. एकोणिसाव्या शतकातला एखादा शहरी पुढारी, म्हणजे आपल्या भाषेत नगरसेवक किंवा महापौर, वारला की त्याची पत्रे पेट्यांत भरून जपून ठेवतात. वर चिठ्ठी असते, ‘खाजगी व व्यावसायिक पत्रव्यवहार’. आत बायकोचे पत्र असते, विटा पुरवणाऱ्याचे बिल असते, नोकरी मागणाऱ्या भाच्याचा अर्ज असतो आणि नगरसभेचा ठरावही असतो. एवढे सगळे एकाच पेटीत. ते वाचल्यावर कळते की त्या माणसाने शहर चालवले की शहरावर आपले घर चालवले.

आम्ही आपापसांत विचारले, आपल्याकडे अशी पेटी कोणाची निघेल? एकोणिसाव्या शतकातला मराठी माणूस, नगरपालिकेचा सभासद, शिवाय व्यवसाय करणारा, आणि ज्याची घरची व बाहेरची पत्रे आज छापील मिळतात असा. नाव निघाले ते महात्मा जोतीराव फुले यांचे.

आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. जोतीराव म्हटले की डोळ्यांसमोर १८४८ ची मुलींची शाळा येते, सत्यशोधक समाज येतो. पण १८८२ च्या १९ ऑक्टोबरला त्यांनी हंटर शिक्षण आयोगाला निवेदन दिले, त्यात स्वतःची ओळख त्यांनी कशी करून दिली आहे ते पाहा. व्यापारी, शेतकरी आणि पुणे नगरपालिकेचे सभासद. राहणार पेठ जुना गंज. स्वतःला समाजसुधारक म्हणवून घेतलेले नाही. उपजीविका सांगितली, पद सांगितले आणि पत्ता दिला. आमचे यंदाचे वाचन या ओळखीपासून सुरू झाले.

आधी व्यवसाय पाहू. जोतीराव ‘पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी’चे भागीदार होते. बांधकामांची कंत्राटे घेणे, मालाचा पुरवठा करणे ही तिची कामे. कात्रजचा बोगदा आणि येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचे नाव जोडले जाते. धातू ओतण्याच्या मुशी विकण्याची एजन्सी त्यांच्याकडे होती, मांजरीला शेती होती. मुंबईतल्या तेलुगू भाषक कंत्राटदारांशी त्यांचा जवळचा संबंध होता आणि त्या मंडळींनी सत्यशोधक समाजाला सढळ हाताने मदत केली. सरकारी बांधकाम खाते, पाटबंधारे, मजुरी आणि मधली गळती हे सगळे त्यांना कामाच्या जागेवरून ठाऊक होते. म्हणून १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ते कालव्याच्या पाण्याविषयी लिहितात तेव्हा नुसती हळहळ व्यक्त करत नाहीत. प्रत्येक शेतकऱ्याला गरजेपुरते पाणी मोजून मिळावे म्हणून तोटीची व्यवस्था सुचवतात. हे कामावर उभे राहिलेल्या माणसाचे लिहिणे आहे.

आता नगरपालिका. १८७६ मध्ये सरकारने त्यांना सभासद नेमले आणि १८८२ पर्यंत ते त्या पदावर होते. कंत्राटदार आणि नगरपालिकेचा सभासद एकच, असे ऐकले की आजचा माणूस मनातल्या मनात हसतो. त्या काळीही जग काही वेगळे नव्हते. न्यूयॉर्कमध्ये विल्यम ट्वीड नावाच्या पुढाऱ्याने शहराच्या कामांतून अफाट पैसा उकळला. न्यायालयाची इमारत बांधायला काढली आणि तिच्या बिलांवर आपल्या गोतावळ्याला पोसले. १८७३ मध्ये तो दोषी ठरला आणि १८७८ मध्ये तुरुंगातच वारला. त्याच १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ लिहिली, गुलामगिरीतून माणसे सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ती अर्पण केली आणि २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन केला. एकाच वर्षी अमेरिकेची ही दोन रूपे. जोतीरावांनी त्यांतले कोणते आपले मानले, ते अर्पणपत्रिकेवरून कळतेच.

सभासद म्हणून त्यांचे एक पत्र आहे, १८ जुलै १८८० चे. नगरपालिकेच्या व्यवस्थापक समितीचे अध्यक्ष प्लंकेट यांना लिहिलेले. पुण्यात दारूची दुकाने वाढवण्याला त्यात विरोध आहे. मुद्दा सरळ हिशेबाचा आहे. नगरपालिका लोकांच्या आरोग्यासाठी खाते चालवते, त्यावर पैसा खर्च करते. मग त्याच लोकांचे आरोग्य आणि संसार बुडवणारी दुकाने वाढू कशी द्यायची? पत्रात नीतीचा उपदेश फारसा नाही. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने काढून घेणे, एवढेच ते दाखवून देतात.

दुसरा प्रसंग व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे भेटीचा. त्यांच्या स्वागताला, शहर सजवायला एक हजार रुपये खर्च करायचे ठरले. जोतीरावांचे म्हणणे, हा पैसा गोरगरिबांच्या मुलांच्या शिक्षणावर खर्च करा. मताची वेळ आली तेव्हा विरोधात मत देणारे ते एकटेच निघाले. लक्षात घ्या, ते लोकांनी निवडून दिलेले नव्हते, सरकारनेच नेमलेले होते. ज्याने खुर्ची दिली त्याच्याच स्वागताच्या खर्चाला त्यांनी नाही म्हटले.

तिसरा प्रसंग मंडईचा. शहरात मोठी मंडई बांधायचे घाटत होते, तेव्हाही त्यांनी विरोध केला. कारण तेच, आधी शाळा. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती सुरू झाली आणि गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला मिळाले. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिचे नाव बदलले आणि आज पुण्यात गेलेला प्रत्येक मराठी माणूस तिला महात्मा फुले मंडई म्हणतो. ज्या खर्चाला त्यांनी विरोध केला त्याच वास्तूवर त्यांचे नाव आहे. आमच्यातल्या एका आजोबांचे म्हणणे पडले, की नाव दिले तसे त्या वादाचे चार शब्दही तिथे लिहून ठेवायला हवे होते.

आता घरची पत्रे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आज वाचायला मिळतात. त्यांच्या मायन्यात त्या पतीला ‘सत्यरूप’ म्हणतात. पहिले १८५६ चे, नायगावहून, माहेरून. आजारपणातून उठण्यासाठी त्या तिथे गेल्या होत्या. भाऊ म्हणतो, महार-मांगांसाठी तुम्ही काम करता, हे पाप आहे, वाळीत टाकल्यावर तरी शहाणे व्हा. सावित्रीबाई त्याला काय उत्तर दिले ते नवऱ्याला कळवतात. दुसरे १८६८ चे, तेही नायगावचे. गणेश नावाचा ब्राह्मण मुलगा आणि सारजा नावाची दलित मुलगी यांचे प्रेम जमले, मुलीला दिवस गेले. गाव दोघांना मारायला निघाले होते. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांना जोतीरावांकडे पुण्याला पाठवून दिले.

तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नरजवळच्या ओतूरहून. तो मोठ्या दुष्काळाचा काळ. गुरे मरत आहेत, माणसे गाव सोडून निघाली आहेत, सत्यशोधक समाजाची मंडळी मदतकार्यात आहेत, सावकारांशी झगडा झाला आहे, कार्यकर्त्यांना अटक झाली, मग कलेक्टरने त्यांना सोडले, असे सगळे तपशिलाने कळवलेले आहे. बायकोने नवऱ्याला लिहिलेले हे पत्र कामाच्या अहवालासारखे आहे.

आता यापुढे दुसरा कागद ठेवा. त्याच वर्षी मे महिन्यात जोतीरावांनी लोकांना मदतीचे जाहीर आवाहन केले. धनकवडीला दुष्काळातल्या मुलांसाठी व्हिक्टोरिया बालाश्रम काढला होता, त्याला अन्न आणि पैसा हवा होता. एप्रिलमध्ये ओतूरहून पत्नीचे पत्र येते, मे महिन्यात पुण्यातून पतीचे आवाहन निघते, आणि तेव्हा ते नगरपालिकेचे सभासदही आहेत. आमच्या वाचनात हे दोन कागद शेजारी आले तेव्हा आम्हाला अमेरिकेतल्या त्या पेटीचे महत्त्व खरे पटले. पत्नीचे पत्र ‘खाजगी’ म्हणून एका फडताळात आणि आवाहन ‘सार्वजनिक’ म्हणून दुसऱ्या फडताळात ठेवले, तर दोन्ही अर्धी राहतात. या घरात खाजगी आणि सार्वजनिक यांच्यामध्ये भिंत नव्हती.

विरोधकांशी वागणेही पत्रांतून दिसते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांनी मराठी ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण दिले. जोतीरावांनी पत्राने नकार दिला. जे बहुजनांचे माणूस म्हणून हक्क मान्य करत नाहीत त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्याचा आशय. पत्र कडक आहे. पण दहा वर्षांपूर्वी, १८७५ मध्ये, स्वामी दयानंदांच्या पुण्यातल्या मिरवणुकीला उपद्रव होणार असे दिसले, तेव्हा याच रानड्यांच्या बाजूने जोतीराव आपली माणसे घेऊन उभे राहिले होते.

आणि हा गणेशोत्सव आहे, म्हणून लोकमान्यांची आठवण काढायलाच हवी. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक आणि आगरकर यांच्यावर खटला झाला. तेव्हा जामिनाची दहा हजारांची व्यवस्था जोतीरावांच्या शब्दावर त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे यांनी केली. विचार जुळत नव्हते, तरी व्यवसायात कमावलेली पत जोतीरावांनी त्यांच्यासाठी वापरली. कंत्राटदाराची पत म्हणजे त्याची खरी दौलत. ती कोणासाठी खर्च केली यावरून माणूस कळतो.

शेवटचे पत्र जोतीरावांचे नाही, त्यांच्याविषयीचे आहे. १८८८ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली आणि दोनच महिन्यांत अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, तेव्हा डाव्या हाताने ते लिहीत राहिले. ३१ जुलै १८९० रोजी मामा परमानंद यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या दांपत्याच्या कामाची आठवण दिली आणि आर्थिक मदतीची शिफारस केली. चार महिन्यांनी, २८ नोव्हेंबरला, जोतीराव गेले. पूल-बोगद्यांची कंत्राटे घेतलेल्या, नगरपालिकेत बसलेल्या माणसासाठी अखेरीला दुसऱ्याने मदत मागावी लागली. त्यांच्या साऱ्या हिशेबाचा ताळेबंद आम्हाला तरी याच पत्रात सापडला. सार्वजनिक पैशाबद्दल जे ते दुसऱ्यांना सांगत होते, ते त्यांनी स्वतः पाळले होते.

श्रोतेहो, आता थोडे आपल्याबद्दल. १ नोव्हेंबर १९५६ ला भोपाळ राजधानी झाले आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून किती मराठी घरे बदलीच्या हुकुमाने इथे आली! त्यातली कित्येक घरे आज या सभागृहात आहेत. त्या घरांत पोस्टकार्डे आहेत, अंतर्देशीय पत्रे आहेत, क्वार्टर मिळाल्याचे कागद आहेत, मंडळाच्या पहिल्या वर्गणीच्या पावत्या आहेत. क्वचित एखाद्या ट्रंकेत पणजोबांचे मोडीतले दस्त आहेत. दिवाळीच्या साफसफाईत हे सगळे रद्दीवाल्याकडे जाते, कारण ‘यात काय आहे, घरगुतीच तर आहे’.

जोतीराव-सावित्रीबाईंचीही तीन पत्रे घरगुतीच होती. कोणीतरी ती जपली म्हणून १८७७ चा जुन्नरचा दुष्काळ आज एका बाईच्या शब्दांत आपल्याला वाचता येतो.

म्हणून आमची एक विनंती आहे. घरचे कागद फेकण्याआधी एकदा वाचा. घरचे आणि कामाचे वेगळे करू नका, जसे निघाले त्याच क्रमाने एका पेटीत ठेवा. वर घराण्याचे नाव आणि गावाचे नाव लिहा. ज्यांना अक्षर लागत नाही, मोडी येत नाही, त्यांच्यासाठी आम्ही आहोत. पंधरा दिवसांनी भेटतोच, चहाही असतो. आणि मंडळाच्या जुन्या खतावण्याही त्याच बैठकीला आणाव्यात, अशी विनंती चिटणीसांना सर्वांसमक्ष करतो. वर्गणीचा पैसा कशावर खर्च झाला, हे पुढच्या पिढीला वाचता आले पाहिजे.



गणपती बाप्पा मोरया!