ऐकू येते, पण कळत नाही
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



केंद्र सरकारच्या नोकरीत फायलींखेरीज फारसे काही न हाताळलेल्या बी. ए. माणसाने श्रवणयंत्रावर बोलावे, हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु आपल्या मंडळाच्या पहिल्या पिढीतील मंडळी पुढच्या रांगेत बसूनही नाटक अर्धेच ऐकतात आणि घेतलेले यंत्र घरी कपाटात पडून राहते, हे पाहून या विषयात डोकवावेसे वाटले.

वार्धक्यातील बहिरेपणात सारेच आवाज सारखे क्षीण होत नाहीत. बहुधा आधी हरपतात ते उंच पट्टीचे ध्वनी. ‘साठ’ हा शब्द घ्या. त्यातील ‘आ’ची बहुतेक शक्ती सुमारे १५०० हर्ट्झच्या खाली असते, ‘स’चा सीत्कार मात्र ४००० हर्ट्झच्या वरचा. आजोबांच्या कानी पोचतो तो ‘आठ’, आणि आपण त्यांना विसरभोळे ठरवून मोकळे होतो! ओरडून सांगावे, तर ‘आ’ तेवढा मोठा होतो. ‘स’ होता तिथेच राहतो.

दुसरी अडचण अधिक विचित्र आहे. ज्याला ६० डेसिबेलखालचे काही ऐकू येत नाही, त्यालाही १०० डेसिबेलचा आवाज आपल्याइतकाच असह्य होतो. म्हणजे साऱ्या जगाचे ध्वनी उरलेल्या ४० डेसिबेलांत बसवायचे. मंद आवाज पुष्कळ उचलायचा, मध्यम थोडा, मोठ्याला हात लावायचा नाही. नुसता आवाज वाढवणारे जुने यंत्र इथेच हरत असे. ताटाचा खणखणाट कानठळ्या बसवी आणि सुनेचे बोलणे तसेच निसटे.

हे सारे आता संगणकावर आधी करून पाहता येते. ध्वनीची सेकंदाला १६,००० वेळा मोजणी करून त्याचे आकडे करायचे. ते आकडे गाळण्यांतून नेऊन पट्ट्यापट्ट्यांत विभागायचे. श्रवणचाचणीच्या आलेखानुसार प्रत्येक पट्टा वेगळा उचलायचा, दाबायचा, आणि पुन्हा एकत्र करून ऐकवायचा. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीतील हॅरी लेव्हिट आणि सहकाऱ्यांनी अशा अंकीय ‘मास्टर’ श्रवणयंत्राचे वर्णन १९८६ मध्ये प्रसिद्ध केले. कानात बसणारी पूर्णतः अंकीय यंत्रे बाजारात आली ती १९९६ मध्ये. आज जर्मनीतील ओल्डेनबर्गच्या संशोधकांची अशी प्रणाली कोणालाही विनामूल्य वापरता येते.

मला यातला मोठा लाभ वाटतो तो घरच्यांसाठी. याच गणिताने बहिरेपणाचेही प्रतिरूप करता येते. चिरंजीवांनी आपलेच बोलणे वडिलांच्या आलेखातून एकदा ऐकावे. तेच वाक्य तिसऱ्यांदा विचारले गेल्यावर चढणारा स्वर बहुधा आपोआप उतरेल.

प्रतिरूपाला मर्यादा आहेत. कोलाहलातून एकच आवाज वेगळा काढण्याचे काम निरोगी कान करतो. झिजलेल्या कानाची ती शक्ती कोणतेही गणित पुरतेपणी परत देत नाही. शिवाय संगणकावर निवांत चालणारा हिशेब प्रत्यक्ष यंत्रात साधारण दहा सहस्रांश सेकंदांच्या आत उरकावा लागतो. अन्यथा स्वतःचाच आवाज पोकळ, घुमल्यासारखा वाटतो.

आणखी एक गोष्ट आपणा परप्रांतस्थांची. उभा जन्म मराठीत ऐकलेल्या आजींची शब्दचाचणी परक्या भाषेत झाली, तर चुकले ते कानामुळे की भाषेमुळे, हे तपासणाराला कसे कळावे? ‘ळ’ आणि ‘ल’, ‘साठ’ आणि ‘आठ’, अशा जोड्यांचे स्वच्छ ध्वनिमुद्रण आपल्या नाट्यशाखेतील मंडळी एका रविवारी करू शकतील. कार्यकारिणीने तो रविवार लवकर ठरवावा, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.