सायकलस्वार आणि व्यायामशाळेची वर्गणी

अमरावतीहून अकोल्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ जून २०२२ मध्यें जगभर गाजला. या रस्त्याच्या एका मार्गिकेचें ७५ किलोमीटर लांबीचें डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटें अखंड काम चालवून पुरें करण्यांत आलें व त्याची नोंद गिनीजच्या विक्रमग्रंथांत झाली. रस्ता मोटारींसाठीं झाला हें खरें. पण गुळगुळीत रस्ता दिसला कीं सर्वांत आधीं ज्याचें मन धांव घेतें तो सायकलस्वार. दिवस उजाडण्यापूर्वीं घर सोडावें, बडनेरा मागें टाकावें, दोन्ही बाजूंस कपाशीचीं आणि तुरीचीं शेतें असतां मूर्तिजापूरच्या दिशेनें पायडल मारीत जावें, आणि ऊन चढण्याच्या आंत परत यावें, या सुखाची चटक ज्याला लागली त्याला दुसरा व्यायाम सांगणें म्हणजे पोहणाऱ्यास आंघोळ कर म्हणून सांगण्यासारखें आहे.

अशा माणसाला कोणी व्यायामशाळेंत नांव घालण्याचा उपदेश केला, तर त्याचें उत्तर ठरलेलें असतें : “रोज दोन तास घाम गाळतों. वर आणखी पैसे भरून घाम विकत कशाला घ्यावयाचा?” प्रश्न रास्त आहे. त्यांत पैशाचा हिशेब आहे, वेळेचा आहे, आणि या दोहोंहून मोठा असा शरीराचाहि हिशेब आहे. हे तीनहि हिशेब एकामागून एक तपासून पाहिल्यावांचून त्याचें समाधान होणार नाहीं.

प्रथम सायकलीच्या पदरीं जें पुण्य आहे तें मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. हृदय आणि फुप्फुसें यांना सायकलीसारखा दुसरा सौम्य आणि दीर्घकाळ टिकणारा व्यायाम क्वचितच सांपडेल. शरीराचा भार खोगिरावर असल्यामुळें गुडघ्यांना धक्के बसत नाहींत. त्यामुळें स्थूल माणसालाहि ती मानवते. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांसाठीं जें प्रमाण सांगितलें, त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटें मध्यम प्रतीचा, किंवा ७५ ते १५० मिनिटें जोराचा दमश्वासाचा व्यायाम असावा असें म्हटलें आहे. आठवड्यांतले पांच दिवस तास तास सायकल चालविणारा मनुष्य हें माप सहज भरतो. परंतु त्याच उपदेशाचें दुसरें कलम बहुतेक सायकलस्वार वाचीत नाहींत. शरीराच्या सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम आठवड्यांतून निदान दोन दिवस करावा, असें तें कलम आहे. पहिल्या कलमाची भरपाई कितीहि जास्त झाली, तरी ती दुसऱ्या कलमाच्या खात्यांत जमा होत नाहीं.

ती कां होत नाहीं, हें थोड्या अंकगणितानें ध्यानांत येईल. सपाट रस्त्यावर सरावाचा स्वार मिनिटाला सुमारें ८० वेळां पायडल फिरवितो. म्हणजे तासाला ४,८०० फेरे झाले. अमरावती ते अकोला हें शंभर किलोमीटरच्या आसपासचें अंतर चार तासांत तोडावयाचें, तर १९,२०० फेरे होतात. जी हालचाल एकोणीस हजार वेळां करतां येते, तिच्यांत प्रत्येक वेळीं लागणारा जोर पायाच्या कमाल शक्तीचा लहानसा अंशच असणार, हें उघड आहे. अशा कामानें स्नायु चिवट होतो, पण बलवान होत नाहीं. बळ वाढण्यास दहापांच वेळां उचलतांच दम निघेल असा भार लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं सायकलस्वाराला चिवटपणाच हवा, बळ घेऊन त्याला काय करावयाचें आहे? पण बळ हें चिवटपणाचें भांडवल आहे. एकाला जेमतेम एक घागर उचलतां येते आणि दुसऱ्याला दोन. दोघांनाहि अर्धी अर्धी घागर घेऊन विहिरीपासून घरापर्यंत पन्नास खेपा करावयास सांगितल्या, तर आधीं कोण थकेल हें सांगावयास नको. नॉर्वेमधील एका प्रयोगांत चांगल्या सरावाच्या सायकलपटूंपैकीं कांहींनीं आपल्या नेहमींच्या सायकलीच्या जोडीला बारा आठवडे जड वजनांचा व्यायाम केला. नंतर सर्वांनीं तीन तासांवर सायकल चालविली आणि अगदीं शेवटीं पांच मिनिटें सर्व शक्ति पणास लावली. ज्यांनीं वजनें उचललीं होतीं त्यांची या शेवटच्या पांच मिनिटांतली कामगिरी सुधारली. नुसती सायकल चालविणाऱ्यांची तशी सुधारली नाहीं. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला या पांच मिनिटांचें मोल कळेल. अमरावतीहून पन्नासएक किलोमीटर येऊन पाय शिणलेले असतात, आणि नेमकी तेव्हांच सातपुड्याची खरी चढण सुरू होते.

पण घाट लवकर चढणें ही हौसेची बाब झाली. त्याहून गंभीर गोष्ट हाडांची आहे. हाड हें दगडासारखें जड पदार्थ नव्हे. त्याची झीज आणि भर सतत चाललेली असते, आणि ज्या हाडावर भार पडतो तें भरीव होतें. चालणें, धांवणें, उडी मारणें, ओझें उचलणें यांत हाडांना आपल्या कामाची आठवण राहते. सायकलीवर बसलेल्या माणसाचें वजन मात्र खोगीर झेलतें. जो गुण गुडघ्यांना तारक ठरला तोच हाडांना मारक ठरतो. लांब पल्ल्याच्या सायकलपटूंच्या तपासण्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता धांवणाऱ्यांपेक्षां कमी असल्याचें पुनःपुन्हां आढळलें आहे. हृदय पंचविशीचें आणि मणके साठीचे, असा विजोड संसार मग एकाच देहांत नांदूं लागतो. स्त्रियांनीं तर हें विशेष लक्षांत ठेवावें. कारण मासिक पाळी बंद झाल्यानंतर हाडांची झीज वेगानें होते, आणि आधींची शिल्लकच त्या वेळीं उपयोगीं पडते.

तिसरी उणीव शरीराच्या वरच्या अर्ध्या भागाची. तासन् तास पाठ वांकलेली, मान वर ताणलेली, हात एकाच जागीं टेकलेले. यामुळें छाती आंखडते आणि पाठीचे स्नायु सैल पडतात. वऱ्हाडांतला एखादा जुना वस्ताद अशा सायकलवीराला पाहून सहज म्हणून जाईल, “पाय तं तुये लोखंडाचे झाले गा बापू, पन पाठ काहून अशी कुबडी?” या थट्टेंत शास्त्र आहे. सायकलीवरून पडतांना मनुष्य हात पुढें टाकतो, आणि मग खांद्याचें नाहीं तर मनगटाचें हाड मोडतें. खांदे आणि धड बळकट असल्यानें हाड मोडणारच नाहीं असें नव्हे. पण तोल लवकर सावरतो, आणि मोडलेलें अंग पुन्हां कामास लावणें सोपें जातें. शिवाय घरांत ज्वारीचें पोतें हलवावयाचें असतें, म्हाताऱ्या आईला आधार देऊन उठवावयाचें असतें. तेथें पायडल कामास येत नाहीं.

सायकल आणि वजनें यांचें वैर आहे ही समजूतहि आपल्याकडील इतिहासाला धरून नाहीं. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे ती पुरी करून १९२८ मध्यें परतले. हे तरुण मुंबईच्या एका वजन उचलणाऱ्या मंडळाचे सभासद होते. वाळवंटें आणि डोंगर ओलांडणाऱ्या त्या पायांच्या मागें व्यायामशाळेंत कमावलेलीं शरीरें होतीं, हें विसरतां कामा नये.

आणि अमरावतीच्या सायकलस्वाराला तर व्यायामशाळेचें महत्त्व परक्यानें सांगावयास नकोच. वैद्य बंधूंनीं १९१४ मध्यें त्याच शहरांत जें रोप लावलें, त्याचा श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ हा वृक्ष झाला. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं या मंडळाच्या पथकानें तेथें जाऊन देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. मल्लखांब, कुस्ती, लाठी, योगासनें आणि आधुनिक शारीरिक शिक्षण हीं सर्व एका आवारांत नांदावीं, ही त्या संस्थेची दृष्टि होती. शरीर हें एकाच अंगानें वाढवावयाचें नसून सर्वांगांनीं घडवावयाचें असतें, हाच तिच्यांतला बोध आहे.

आतां आक्षेपांकडे वळावें. पहिला आक्षेप असा कीं वजनें उचलल्यानें अंग फुगतें आणि चढावर तें ओझें होतें. सायकलीसह ८० किलो भरणाऱ्या माणसाचें वजन एक किलोनें वाढलें, तर चढावरचें काम सव्वा टक्क्यानें वाढेल. दीड तासाच्या चढणीला मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागेल, एवढेंच. वाढलेलें बळ ही तूट भरून काढतें. आणि जो आठवड्याला तीनचार वेळां लांब सायकल चालवितो, त्याचें अंग दोन दिवसांच्या व्यायामानें पहिलवानासारखें फुगतहि नाहीं. दुसरा आक्षेप पाय दुखण्याचा. तो पहिल्या दोनतीन आठवड्यांपुरता खरा आहे. म्हणून आरंभ हलक्या वजनानें करावा, आणि लांबच्या फेरीच्या आदल्या दिवशीं पायांचा व्यायाम टाळावा. तिसरा आक्षेप वेळेचा. त्याला उत्तर असें कीं आठवड्यांतून दोनदां पाऊण पाऊण तास पुरतो. आणि एकदां बळ आलें म्हणजे हंगामाच्या दिवसांत आठवड्यांतून एकदां केलें तरी तें टिकून राहतें.

राहतां राहिला पैसा. येथें मात्र सायकलस्वाराच्या शंकेंत बरेंच तथ्य आहे. व्यायामशाळेंत, अथवा आज शहरांत जिला जिम म्हणतात तेथें, फिरत्या पट्ट्यावर धांवणें आणि जागच्या जागीं सायकल चालविणें याचाच थाट मोठा असतो. ज्याच्या दाराशीं खरी सायकल उभी आहे त्यानें त्या यंत्रासाठीं पैसे मोजणें हा शुद्ध अपव्यय होय. त्याला तेथें दोनच वस्तु हव्यात : पुरेशीं वजनें आणि चूक दाखविणारा शिक्षक. या दोन वस्तु नसतील तर इमारत कितीहि चकचकीत असो, वर्गणी फुकट गेली असें समजावें. शिक्षक जाणता असेल, तर साधी जुनी तालीमहि पुरते.

मग घरींच जोर-बैठका कां काढूं नयेत? अवश्य काढाव्या. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो याच विचारानें, कीं त्याला दमडी लागत नाहीं. जोरांनीं छाती आणि दंड, नमस्कारांनीं पाठीचा कणा, यांना उत्तम व्यायाम होतो. फक्त एक सावधगिरी बाळगावी. पांचपांचशें बैठका मारणें म्हणजे पुन्हां पायडल फिरविण्याचाच प्रकार झाला. संख्या वाढविण्यापेक्षां भार वाढवावा. पाठीवर धान्याची गोणी घेऊन आठदहा बैठका काढाव्या. पण पाठीवर भार घेतांना कणा कसा ठेवावा हें पुस्तकांतून कळत नाहीं. तें एकदां तरी जाणत्याच्या नजरेखालीं शिकावें लागतें, आणि पहिल्या तीन महिन्यांच्या वर्गणीचा खरा मोबदला तोच आहे.

शिवाय वऱ्हाडचे ऋतुहि या हिशेबांत धरले पाहिजेत. वैशाखांत अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढें जातो, आणि सकाळीं आठ वाजल्यानंतर रस्त्यावर राहणें म्हणजे उष्माघाताला आमंत्रण देणें होय. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरांच्या चाकांबरोबर डांबरावर येतो, आणि वळणावर चाक कधीं घसरेल याचा नेम नसतो. या दोन काळांत सायकल कमी होते, अंग सुस्तावतें, आणि दिवाळीनंतर पुन्हां पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून वर्षाची वर्गणी एकदम भरण्याच्या मोहांत न पडतां चैत्रापासून भाद्रपदापर्यंत व्यायामशाळा आणि थंडीच्या दिवसांत मुख्यतः सायकल व घरचा व्यायाम, अशी वांटणी केली, तर खिसा आणि शरीर या दोघांचेंहि समाधान होतें. वय चाळिशीपुढें गेलेलें असेल, किंवा रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार असेल, तर आरंभापूर्वीं डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

तेव्हां निर्णय असा. निष्ठावंत सायकलस्वाराला व्यायामशाळेची वर्गणी अनिवार्य नाहीं. पण बळाचा व्यायाम अनिवार्य आहे. तो घरीं नियमानें होत असेल तर पैसे वांचवावे. होत नसेल, आणि बहुतेकांच्या हातून तो होत नाहीं, तर त्या वर्गणीइतका स्वस्त सौदा दुसरा नाहीं. अमरावतीहून अकोल्यापर्यंत पोहोंचविणारे पाय पुष्कळांपाशीं असतात. सत्तराव्या वर्षींहि तीच वाट धरावी अशी ज्याची इच्छा असेल, त्यानें आठवड्यांतले दोन प्रहर सायकल भिंतीला टेकून ठेवावी आणि वजनाला हात घालावा.